रिंकूचं माप

डोमाभाऊची लुना रस्त्यावर आली की मागून सायकलवाले घंटी वाजवतात. वाट द्या म्हणून. आणि तोही देतो. बाजूला घेतो, पाय टेकतो, सायकल जाऊ देतो, मग मागेपुढे नीट पाहून पुन्हा निघतो. बत्तीस वर्षांत या माणसानं काटा वीसच्या वर चढू दिला नाही. बल्लारपूरहून राजुऱ्याला लग्नाला जायचं असलं तर घरची माणसं बसनं जातात, जेवतात, आहेर करून परत निघतात आणि वर्धा नदीच्या पुलावर त्यांना डोमाभाऊ भेटतो. तो जात असतो.

आता अशा माणसाच्या दुकानापुढं सोमवारी सकाळी स्पोर्ट्स कार येऊन उभी राहावी, याला काय म्हणायचं? लाल भडक, दोन दारांची, जमिनीला पोट घासेल की काय इतकी बुटकी. शेजारच्या लच्छू वेल्डरनं हातातली कांडी खाली ठेवली आणि बघत राहिला.

डोमाचं दुकान सीट कव्हरचं. राजुरा रोडवर, पत्र्याचं. ऑटो, ट्रॅक्टर, जीप, टिप्परची केबिन, जे येईल त्याची बैठक तो शिवून देई. हात असा की रेक्झिनवर सुरकुती सापडायची नाही, आणि खिळा तर शोधूनही दिसायचा नाही. खिळा दिसला म्हणजे काम कच्चं, हे त्याचं ठरलेलं बोलणं. गिऱ्हाईक ऐकून ऐकून कंटाळलं होतं, तो सांगून कंटाळला नव्हता.

गाडीतून प्रफुल उतरला. उतरला म्हणजे आधी एक पाय काढला, मग थोडा दम घेतला, मग बाकीचा प्रफुल काढला. गिट्टीच्या टिप्परवाल्या घरचं पोरगं, तिशीचं, वजनानं शंभरीला टेकलेलं. ही जुनी गाडी त्यानं हैदराबादेहून हौसेनं आणली होती. नागपूरजवळ एका मोकळ्या मैदानावर शर्यती होतात. शंकू मांडतात, घड्याळ लावतात आणि एकेक गाडी सोडतात, ज्याला वेळ कमी लागला तो जिंकला. मागच्या खेपेला बारा गाड्यांत प्रफुल अकरावा आला होता. बारावी गाडी सुरूच झाली नव्हती.

"डोमाभाऊ, पट्टे बसवाचे हायेत," म्हणत त्यानं मागची पेटी उघडली.

निळे, तीन बोटं रुंद पट्टे. दोन खांद्यांवरून येणारे, दोन कमरेचे, दोन मांड्यांच्या मधून येणारे, आणि सहाच्या सहा पोटावर एका गोल बकलात अडकायचे. बकल फिरवलं की सगळे एकदम सुटायचे. याला हार्नेस म्हणतात, हे प्रफुलनं तीनदा सांगितलं. या खेपेला हा असल्याशिवाय गाडी मैदानात घेणार नव्हते, आणि शर्यत होती येत्या रविवारी.

"आता पहिला येतूस वाटते," डोमा म्हणाला.

"मी नाई चालवून राह्यलो जी. माही आतेबहीण हाय नागपूरची. रिंकू." प्रफुलनं हे सांगताना लच्छूकडं पाहिलं, लच्छूनं आभाळाकडं पाहिलं. "सीटचा फोमबी तिच्याच अंगाचा कापा. हे घ्या माप."

डोमानं चष्मा चढवला आणि चिठ्ठी वाचली. बैठकीपासून खांदा, साडेबावीस इंच. खांद्याची रुंदी साडेचौदा. कंबर सत्तावीस. आणि सगळ्यात खाली लिहिलं होतं, डावा खांदा अर्धा इंच खाली.

त्यानं चिठ्ठी पुन्हा वाचली. मग चष्मा काढून पुसला, जणू काच खोटं बोलत होती.

गोष्ट अशी की हे माप त्याला पाठ होतं. त्याची एकुलती एक लेक दिव्यानी. तिचा पहिलीपासून बारावीपर्यंतचा शाळेचा प्रत्येक फ्रॉक, प्रत्येक कुर्ता याच दुकानात, याच मशीनवर त्यानं शिवला होता. चौथीत असताना पोरगी चिंचेवरून पडली, खांद्याचं हाड मोडलं, आणि जुळलं ते जरा खाली उतरून जुळलं. तेव्हापासून तिच्या प्रत्येक कपड्याला डावीकडं तो अर्धा इंच चोरत आला होता, कुणाला दिसू नये म्हणून. बरं, एवढं बारीक माप घ्यायचं ध्यानात ठेवणारी बाई बल्लारपुरात एकच होती, आणि ती रोज त्याच्या ताटात भात वाढत होती.

म्हणजे लेक शर्यतीची गाडी चालवणार. बायकोला माहीत, प्रफुलला माहीत, आभाळाकडं पाहणाऱ्या लच्छूलाही माहीत. गावभर बोभाटा आणि घरधन्याला पत्ता नाही.

दिव्यानी चोवीस वर्षांची. एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवायची. डोमाच्या हिशेबी ते काम दुसऱ्या गेअरच्या वर जात नव्हतं, म्हणून तो निवांत होता. त्याला कोण सांगणार, की महिन्यापूर्वी तिनं गंमत म्हणून ही लाल गाडी मैदानावर फिरवली आणि प्रफुलपेक्षा नऊ सेकंद आधी आणून उभी केली.

डोमाला राग आला का? आला. पण रागापेक्षा लागलं जास्त. दुसऱ्या कुणी लपवलं असतं तर त्यानं सोडून दिलं असतं. लेकीनं लपवावं, हे त्याच्या काळजाला लागलं. त्याच जागी उभं राहून त्यानं ठरवलं, आपण विचारायचं नाही. ती सांगेल. रविवारपर्यंत आपल्या तोंडानं सांगेल. आणि नाहीच सांगितलं तर काय, हे मात्र त्यानं मनातल्या मनातही पुढं नेलं नाही, कारण तिथं भीती वाटत होती.

"रिंकू म्हणजे जेवणात काय खाते?" त्यानं प्रफुलला विचारलं.

"काऊन जी?"

"फोम कापाचा हाय. भात खाणारी असन तर वेगळा लागते."

प्रफुल विचारात पडला. "भातच खाते," तो शेवटी म्हणाला. आता याला कुणी काय करावं?

संध्याकाळी बायकोनं, गिरजाबाईनं, ताट वाढलं. दिव्यानी समोर बसून मोबाइलमध्ये तोंड घालून जेवत होती.

"आज एक मजा झाली," डोमा म्हणाला. "एका पोरीचं माप आलं. रिंकू म्हणून हाय, नागपूरची. डावा खांदा अर्धा इंच खाली."

गिरजाबाईच्या हातातली पळी वरणात गेली ती वर आलीच नाही. दिव्यानीचा घास तोंडाशी थांबला.

"मी म्हणतो, त्या पोरीची माय किती गुणाची असन," डोमा पुढं म्हणाला. "कोण घेते आजकाल इतकं माप? अर्धा इंच बी सोडला नाई बाईनं. भेटली तर पाया पडतो."

"वरण घ्या," गिरजाबाई म्हणाली.

"घेतो. पळी काढ त्यातून."

चोराच्या मनात चांदणं, तसं त्या दोघींचं झालं. एकमेकींकडं बघायचीही सोय उरली नाही. डोमानं दोनदा भात घेतला आणि चवीनं जेवला. पण लेक काही बोलली नाही. उठली, ताट घासलं आणि आतल्या खोलीत गेली.

मंगळवारी तो कामाला लागला. हार्नेससोबत एक चित्रांचं पुस्तक आलं होतं. इंग्रजी वाचायचं प्रफुलनं कबूल केलं आणि दोन ओळींत त्याला डुलकी लागली. डोमानं चित्रं पाहिली. एका चित्रात खांद्याचे पट्टे सीटच्या मागं सरळ आडवे जाऊन एका लोखंडी दांडीला अडकवले होते, आणि दांडीचे बोल्ट उघड्यावर दिसत होते. डोमानं तोंड वाकडं केलं आणि पान उलटलं. बोल्ट दाखवणारा कारागीर त्याच्या लेखी कारागीरच नव्हता.

त्यानं आपल्या पद्धतीनं काम केलं. खांद्याचे पट्टे सीटच्या पाठीवरून घेतले, मागं सरळ खाली उतरवले, तळाच्या पत्र्याला भोकं पाडून बोल्टनं आवळले आणि वरून काळं रेक्झिन असं चढवलं की पट्टा कुठून आला नि कुठं गेला, देवालाही कळू नये. बुधवारी संध्याकाळी लच्छू येऊन पाहून गेला आणि म्हणाला, "सोफ्यावानी दिसते बाप्पा." डोमाला हे कौतुक वाटलं. खरं म्हणजे ते कौतुकच होतं, आणि तीच तर अडचण होती.

मधल्या दोन दिवसांत घरी काय चाललं होतं? गिरजाबाईच्या तोंडाशी दोनदा गोष्ट आली. "अजी, ऐका नं," तिनं सुरुवात केली की डोमा लोणचं मागायचा. त्याला तिच्या तोंडून नको होतं. दिव्यानी तर अशी वागत होती की जशी भाड्यानं राहायला आली आहे. बाबा पाणी देऊ का, बाबा चष्मा पुसून देऊ का. इतकी सेवा तिनं तापातही केली नव्हती. डोमा प्रत्येक वेळी थांबायचा, आता बोलेल म्हणून. चष्मा लख्ख पुसून मिळायचा, बाकी काही नाही.

गुरुवारी डोमा म्हणाला, "ट्रायल घेऊ."

"कोण घेणार?" प्रफुलनं विचारलं.

"मी."

लच्छू हसला, मग डोमाचं तोंड पाहून गप्प झाला. दुकानामागं जरा उताराची जागा होती आणि खाली जुन्या टायरांचा ढीग. डोमा स्टिअरिंगमागं बसला, पट्टे आपल्या अंगाला सैल करून घेतले, बकल लावलं. गाडी सुरू करायची नव्हती, नुसती वरून ढकलायची आणि टायरांवर जाऊ द्यायची होती. प्रफुलनं गाडीच्या काळजीनं डोळे मिटून घेतले आणि लच्छूसोबत धक्का दिला.

दहाचा वेग असेल, फार तर बाराचा. सायकलवाल्यानंही घंटी वाजवली असती. गाडी टायरांवर जाऊन आदळली, डोमा पुढं फेकला गेला आणि पट्ट्यांनी त्याला धरलं. पण धरलं कसं? छातीवर नाही. दोन्ही खांद्यांवरून त्याला खाली दाबलं, भरलेल्या कावडीवर आणखी कुणी बसावं तसं. मानेपासून कमरेपर्यंत मणका न् मणका एकावर एक बसला आणि तोंडातून नुसती हवा बाहेर पडली.

तो तसाच बसून राहिला. लच्छू धावत आला. "लागलं का भाऊ?"

लहानपणी गोंडपिपरीकडच्या गावी, तळ्यावरून मासळीच्या टोपल्या कावडीनं डोमानंही वाहिल्या होत्या. ओझं मागं ओढलं तर माणूस उभा राहतो, खाली ओढलं तर बसतो, हे त्याच्या खांद्यांना ठाऊक होतं. पण हाताला ते आठवलं नाही, कारण हात बोल्ट लपवण्यात गुंतला होता. दहाच्या वेगात ही गत, तर साठच्या वेगात काय? आणि तो डावा खांदा, जो आधीच एकदा मोडून जुळला आहे, त्याचं काय झालं असतं? बकल उघडायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

बाहेर आल्याबरोबर त्यानं कात्री घेतली आणि दोन दिवसांचं रेक्झिन उभं फाडलं.

"अरे भाऊ, सोफ्यावानी होतं," लच्छू कळवळून म्हणाला.

"म्हणूनच फाडून राह्यलो. पुस्तक आण ते. दांडीचं चित्र कुठी हाय?"

शुक्रवार सगळा त्यात गेला. लच्छूनं जाड नळीची आडवी दांडी केली. ती गाडीच्या दोन्ही अंगांना, सीटच्या मागं, खांद्यापेक्षा जरा खाली बसवली. पत्र्यातून आरपार बोल्ट आणि पलीकडून तळहाताएवढी लोखंडी पट्टी, म्हणजे जोर आला तरी बोल्ट पत्रा फाडून बाहेर यायचा नाही. पट्टे आता खांद्यावरून सरळ मागं गेले. प्रत्येक बोल्ट उघड्यावर चमकत होता. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा डोमाच्या कामात बोल्ट दिसत होता, आणि तो पुन्हा पुन्हा जाऊन त्यावर पाना लावून पाहत होता. पुन्हा टायरांवर गाडी घातली. या वेळी पट्ट्यांनी त्याला छातीशी धरलं आणि जागेवर ठेवलं. प्रफुलनं या वेळीही डोळे मिटले होते.

"झालं मंग," प्रफुल म्हणाला. "उद्या गाडी नेतो."

"नाई. रिंकूले आण."

"रिंकूले कायले?"

"बांधून घ्याले आणि खोलून दाखवाले. माझ्यासमोर, डोळे मिटून, एका हातानं. तिनं खोललं तर गाडी जाईन."

हे काही डोमानं आजच काढलं नव्हतं. त्याचा बाप तळ्यात फेकायचं जाळं घेऊन उतरायचा. जाळ्याची दोरी मनगटाला बांधलेली असते. जाळं पाण्याखाली खुंटाला अडकलं आणि पाय घसरला, तर तीच दोरी माणसाला धरून ठेवते, बुडेपर्यंत. म्हणून त्यांच्या घरात कुणालाही नवीन जाळं मिळायचं त्याआधी बाप सगळ्यांपुढं त्याच्या मनगटाला दोरी बांधायचा आणि म्हणायचा, डोळे मिट, एका हातानं सोड. सुटली तर जाळं तुझं. नाही सुटली तर अजून एक वर्ष टोपल्या उचल. डोमा स्वतः दोन वर्षं टोपल्या उचलत होता.

"पण रिंकू नागपूरले हाय," प्रफुल म्हणाला.

"मंग नागपूरची पोरगी नागपूरले राहीन, आणि पट्टे बल्लारपूरले."

प्रफुलचा चेहरा उतरला. शर्यतीत बसून जेवढा घाम आला नसेल तेवढा त्याला उभ्या उभ्या आला. "पाहतो," म्हणून तो गेला, आणि गेला तो सरळ ड्रायव्हिंग स्कूलच्या दिशेनं गेला.

शनिवारी सकाळी अकरा वाजता दिव्यानी दुकानात आली. जीन्स, शर्ट, केस घट्ट बांधलेले.

"बाबा, ते प्रफुलभाऊची रिंकू हाय नं, तिले आज येता येत नाई. तिचं आणि माहं माप एकच हाय म्हणते. तर मीच बसून दाखवतो म्हटलं."

तिच्यामागून आलेल्या प्रफुलनं लच्छूचा हात धरला आणि दोघं चहाला निघून गेले. इतके घाईनं गेले की चहा पळून चालला होता जणू.

"बरं झालं," डोमा म्हणाला. "बस."

ती बसली. डोमा दारापाशी गुडघ्यावर टेकला. कमरेचे पट्टे आधी ओढले. "पोटावर नको घेऊ, हाडावर घे." मांड्यांमधले अडकवले. मग खांद्याचे. उजवा बसवला, डावा बसवला. तिनं डाव्या पट्ट्याखाली बोट घातलं. तिथं एक पातळ मऊ गादी शिवलेली होती, बरोबर अर्ध्या इंचाची.

"हे काय हाय, बाबा?"

"रिंकूचा डावा खांदा खाली हाय नं. पट्टा घसरला असता."

दिव्यानी समोरच्या काचेतून पाहत राहिली.

"डोळे मिट. उजव्या हातानं खोल."

तिनं बकल फिरवलं, सहाही पट्टे सुटले. त्यानं पुन्हा बांधले. "आता डाव्या हातानं." सुटले. "पुन्हा." सुटले. चार वेळा झालं, सहा वेळा झालं. पोरीचा हात तरबेज होता, पहिल्याच खेपेला दिसलं होतं. पण जोवर हे चाललं आहे तोवर ती इथं बसली आहे, दोघांच्या मध्ये आई नाही, मोबाइल नाही, वरण नाही, म्हणून डोमा बांधत राहिला.

सातव्यांदा पट्टा ओढताना त्यानं विचारलं, "ही रिंकू शर्यतीत जाऊन राह्यली, तिच्या बापाले माहीत हाय का?"

"नाई."

"काऊन?"

"ते जेवत नाईत."

"कोण?"

"रिंकूचे बाबा. त्याईले भेव लागलं की ते जेवत नाईत. दोन वर्षांमागं रिंकू मैत्रिणीची मोटरसायकल घेऊन चंद्रपूरले गेली होती, तं त्याईनं दोन दिवस अन्नाले हात लावला नाई. एक शब्द बोलले नाई. नुसते बसून राह्यले." ती पुढं म्हणाली, "रागावले असते तं तिनं भांडून घेतलं असतं, बाबा. न जेवणाऱ्या माणसाशी भांडाचं कसं?"

डोमाचा हात पट्ट्यावरच थांबला. ते दोन दिवस त्याला चांगले आठवत होते. आपण पोरीला एका शब्दानं दुखावलं नाही, याचा त्याला तेव्हापासून अभिमान होता. चार लोकांत सांगायचाही तो, की मी लेकीवर कधी आवाज चढवला नाही. आपलं गप्प बसणं समोरच्याच्या खांद्यावर असं खाली दाबत असेल, हे त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

"त्या बापाचं चुकलं," तो म्हणाला.

"तिचंबी चुकलं असन."

"चुकलंच. गावाले माहीत, मायले माहीत, त्या लच्छ्याले माहीत. आणि बापानं काय चिठ्ठीवरच्या इंचावरून ओळखावं?"

दिव्यानीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. डोमानं नजर बकलावर ठेवली. "खोल आता. डोळे मिटून."

तिनं हात बकलावर ठेवला, पण फिरवलं नाही.

"बाबा, रिंकू कोणी नाई. मीच आहो."

"काय मीच?"

"उद्या गाडी मी चालवून राह्यली. महिन्याभरापासून ठरलं होतं. तुमच्यापासून लपवलं, आईलेबी लपवाले लावलं. मले चालवाचं हाय बाबा, आणि तुम्ही जेवलेबी पाहिजे." डोळ्यांतलं पाणी पुसायला तिनं हात उचलला. "आता रागवा. पण बोला."

सोमवारपासून डोमानं राग जमवून ठेवला होता. प्रफुलवर काढला होता, गिरजाबाईवर लोणचं मागून मागून काढला होता. लेकीवर काढायचा राहिला होता, कारण तिनं सांगितल्याशिवाय काढणार कसा? आता तिनं सांगितलं. त्यानं तोंड उघडलं.

"मले लई भेव लागते, बेटा," तो म्हणाला. एवढंच निघालं. मग थोड्या वेळानं, "परवा टायरावर आदळलो तेव्हा समजलं किती लागते ते. सकाळी मात्र दोन भाकरी खाऊन आलो. मायले विचार."

ती रडता रडता हसली. मग तिनं बकल फिरवलं, पट्टे सुटले, आणि खिशातून चार घड्या केलेला एक कागद काढला. शर्यतीचा फॉर्म होता. नाव, वय, रक्तगट, लायसन्सचा नंबर, सगळं तिच्या टपोऱ्या अक्षरात भरलेलं. एकच ओळ कोरी होती. अपघात झाल्यास कोणाला कळवावे, नाव, नाते, फोन.

"प्रफुलभाऊ म्हणे आईचा नंबर टाक," दिव्यानी म्हणाली. "मले नाई टाकावा वाटला. हे भरल्याशिवाय घेत नाईत."

डोमानं कागद गाडीच्या टपावर पसरला आणि खिशाचा पेन काढला. नावापुढं आपलं पूर्ण नाव लिहिलं. नात्यापुढं 'वडील' लिहिलं. फोनच्या ठिकाणी त्यानं दोन आकडे लिहिले आणि थांबला. मग ते आकडे खोडले आणि तेवढ्याशा जागेत, बारीक अक्षरात लिहिलं, 'फोन करू नये. तिथेच उभा आहे.'